बुधाकडे जाणारं यान आणि श्रुतीच्या आईचा प्रश्न

मित्रांनो, आज सकाळी सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत मी पालकांसमोर बुध ग्रहाच्या मोहिमेवर बोललो. "तिकडे जाणं सोपं, सूर्यच यानाला ओढून घेतो," असं ठोकून दिलं.

माझ्या वर्गातल्या श्रुतीची आई उभी राहिली. त्या काटोलच्या बसवर कंडक्टर आहेत.

"सर, चालत्या बसमधून उतरलेला माणूस पुढंच धावते. यानातही पृथ्वीचा वेग राहीनच न? मंग ते सरळ सूर्याकडं पडंन कसं?"

मी म्हणालो, "ताई, हे बसचं गणित नाही."

सगळे हसले. आईशेजारी बसलेल्या श्रुतीने मान खाली घातली.

घरी येऊन पुस्तक उघडलं. त्या बरोबर होत्या. तो वेग कमी करणंच सगळ्यात अवघड असतं. त्यासाठी यानाला शुक्राजवळून फिरवून न्यावं लागतं.

लाज वाटली. फोन करून माफी मागितली.

"माह्यं राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "पोरीले वर्गात सांगा, का तिची आई बरोबर होती."

उद्या सांगणार आहे. पण हसलेले पालक वर्गात नसतील, म्हणून इथेही लिहितोय. तुमच्यापैकी कोण कोण होतं तिथे?