गुरुपरंपरेचे दहा गुण

मी सहा वर्षं त्या पुरस्कार समितीवर होते. संगीतासाठी आयुष्य घालवलेल्या जिल्ह्यातल्या एका कलावंताचा दरवर्षी शाल आणि मानपत्र देऊन सत्कार करायचा, एवढंच आमचं काम. आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष शहरातले जुने वकील, गाण्याचे खरे शौकीन. तबल्याचे एक गुरुजी, एक कार्यवाह, पुंडलिकनगरात गाण्याचा क्लास चालवणारी मी, आणि शेवटच्या वर्षी नव्यानं आलेले कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक.

पहिल्याच बैठकीत प्राध्यापकांनी आजवरच्या मानकऱ्यांची यादी वाचायला सांगितली. कार्यवाहांनी ती मोठ्या अभिमानानं वाचली. मग प्राध्यापक म्हणाले की खुलताबादचे दर्गे इथून हाकेच्या अंतरावर असून यादीत एकही कव्वाल नाही, शाहीर नाही, भीमगीतं गाणारं कुणी नाही, बायका दोनच, आणि निम्मी नावं एकाच गुरूच्या शिष्यांची आहेत. तो गुरू माझाही होता. मी पेल्यातलं पाणी प्यायले.

अध्यक्ष दुखावले. "सुरांना जात नसते," ते म्हणाले.

"सुरांना नसेल, सर. पण यादी आपण केलीय."

मग प्राध्यापकांनी एका गायिकेचं नाव सुचवलं. सिल्लोड रस्त्यावरच्या एका वस्तीत त्या राहायच्या. दिवसा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि भीमजयंतीच्या दिवसांत मराठवाडाभर गात फिरायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. बाकीच्यांनी नाव ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. लग्नाआधी आमच्या गावात त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा आमच्या घरातलं कुणी तिकडच्या आळीत गेलं नाही. मी गच्चीवर उभी राहून सगळं ऐकलं. तेव्हा माझी तालीम जोरात चालू होती, माझे गुरू कौतुक करत होते, आणि हा आवाज आपल्यापेक्षा मोठा आहे हे मला त्या गच्चीवर स्पष्ट कळलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि त्या बैठकीतही सांगितलं नाही.

ठरलं असं की तबल्याच्या गुरुजींनी आणि मी जाऊन त्यांना ऐकून यावं. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर नीट सारवलेलं अंगण. त्यांच्या लेकीनं आमच्यासाठी शेजारून खुर्च्या आणल्या. त्या स्वतः खाली बसल्या, साथीला फक्त एक ढोलकी. मैदानात माईकशिवाय गाऊन गाऊन आवाज खरखरीत झाला होता, पण जिथं लागायला हवा तिथंच सूर लागत होता. गुरुजींचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. परत येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, लय लई पक्की आहे बाईंची.

निघण्याआधी मी पिशवीतून तक्ता काढला होता. त्यात पाच रकाने: स्वर, लय, सादरीकरण, योगदान, गुरुपरंपरा. प्रत्येकाला दहा गुण. हा तक्ता मीच तयार केला होता, समितीत आल्यावर दुसऱ्या वर्षी. तोवर नुसत्या ओळखीवर नाव ठरायचं. निवड चोख व्हावी म्हणून मी भांडून गुणांची पद्धत आणली होती आणि मला तिचा अभिमान होता.

"ताई, तुमचे गुरू कोण?" मी विचारलं.

"बाप," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण शिकवणार? त्यो ढोलकी वाजवायचा, मी म्हणायची."

वडिलांची तालीम कुणाकडे झाली, घराणं कुठलं, असं मी पुढं विचारलं. त्या हसल्या. लेक मात्र हसली नाही.

आम्ही दोघांनी त्या रकान्यात शून्य लिहिलं. नियमच तसा होता. मान्यवर गुरूकडे किमान पाच वर्षं तालीम नसेल तर शून्य. नियमही माझाच.

दुसऱ्या बैठकीत बेरीज झाली. बाई दुसऱ्या आल्या, चार गुणांनी. पहिल्या आल्या त्या माझ्या गुरुभगिनी. त्यांना त्या रकान्यात पैकीच्या पैकी होते. त्या वाईट गायच्या असं मी म्हणणार नाही. त्या ठीक गायच्या.

प्राध्यापक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही दोघींनाही ऐकलंय. कोण मोठं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गच्चीवर कळलेली गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हणाले, "जे ऐकलं ते गुणांत आलंय."

प्राध्यापकांनी तिथंच राजीनामा लिहिला आणि आठवड्याभरानं एका स्थानिक पेपरात पत्र छापून आणलं. पत्रात बाईंचं नाव होतं. बाईंना आधी विचारायचं प्राध्यापकांच्या डोक्यात आलं नसावं. मग शहरात चर्चा सुरू झाली. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, आता गाण्यातही आरक्षण आणा. खाली हसणारी तोंडं. उलट बाजूनं लिहिणारेही कमी नव्हते. एका कार्यक्रमात चार वक्ते न्यायावर तासभर बोलले, आणि बाईंना गायला बोलावून ऐन वेळी वेळ संपला म्हणून नुसतं उभं करून टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या एका शिक्षकानं त्यांना तोंडावर विचारलं म्हणे, की खिचडीवाल्या मावशी, पुरस्कारासाठी जात काढलीत का? त्या एप्रिलमध्ये त्या कुठंच गायल्या नाहीत.

त्यांच्या लेकीनं मला फोन केला. आईनं कधी कुणाकडं काही मागितलं होतं का, एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी मी एकटीच बाईंकडे गेले. या वेळी खुर्ची नव्हती, मी खाली बसले. माफी मागायची असं ठरवून गेले होते आणि बोलत राहिले भलतंच, तब्येतीचं, उन्हाचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिशी तुमी कागदावर लिवलं व्हतं. काय लिवलं?"

मी सांगितलं. स्वर नऊ, लय दहा. त्या मान हलवत होत्या. शेवटचा रकाना मी गाळला असता तरी त्यांना कळलं नसतं, पण मी तोही सांगितला.

त्यांची मान हलायची थांबली.

"म्हंजी माज्या बापाला शून्य दिलं," त्या म्हणाल्या. "मला द्यायचं व्हतं की."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. लेकीनं चहा आणून ठेवला. तो पिऊन मी निघाले. हे घर पुन्हा माझ्यासाठी उघडू नये, असं मला त्या रस्त्यानं चालताना वाटत होतं.

पुढच्या बैठकीत मी तो रकाना काढायचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष म्हणाले, काळाबरोबर बदलायला हवं. मग कार्यवाहांनी तिथूनच बाईंच्या घरी फोन करून त्यांचं नाव पुन्हा घ्यावं का असं विचारलं, तर निरोप आला की त्यांना या भानगडीत पडायचं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आणि माझ्याही छातीत ते जाणवलं. वादानंतर माझ्या गुरुभगिनींनीही नाव मागं घेतलं होतं, म्हणून त्या वर्षी पुरस्कार एका सतारवादकाला गेला. त्यानंतर मी समिती सोडली. कारण म्हणून गुडघेदुखी लिहिली.

हिवाळ्यात बाई गेल्या. घशाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. पेपरात दोन ओळी आल्या आणि त्यात वादाचा उल्लेख होता, गाण्याचा नव्हता. पुण्यानुमोदनाच्या, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी गेले. वस्तीतल्या बाया एकामागून एक गायला बसल्या. कुणी चुकत होत्या, कुणी रडल्यामुळे मध्येच थांबत होत्या, आणि मग बाजूची पुढची ओळ उचलायची. अशा गाण्याला गुण कसे द्यायचे हे मला कधी शिकवलं नव्हतं. मी कडेला उभी होते.

शेवटी लेकीनं माईक हातात घेऊन विचारलं, आईबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचेत का. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थोडा वेळ थांबली. मी मान खाली घातली. मग तिनं माईक पुढच्या बाईकडे दिला.