अक्कांचं भरीत परत आलं!

मंडळी, आज दुपारी अक्कांचा व्हिडिओ पुन्हा दिसायला लागला आणि आमचा जीव भांड्यात पडला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. एरंडोलच्या घरी चुलीसमोर बसून त्या खान्देशी बोलीत स्वयंपाक शिकवतात. गेल्या आठवड्यात भरिताची वांगी भाजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आते त्यासले चांगलं ठेची काढा." त्यासले म्हणजे त्या वांग्यांना.

मी तो व्हिडिओ टाकला आणि थोड्याच वेळात 'हिंसेला चिथावणी' असं सांगून ॲपवाल्यांनी तो काढून टाकला. गल्लीत कुजबुज सुरू झाली.

"मन्हं काय चुकनं व?" अक्का मला सारखं विचारायच्या. कधी कुणाला दुखावून न बोललेल्या या बाईने मोबाइलसमोर बसणंच सोडलं.

मी ॲपवाल्यांकडे तक्रार केली, वाक्यावाक्याचा अर्थ लिहून पाठवला. आज उत्तर आलं, "आमची चूक झाली."

ते वाचून दाखवल्यावर अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग जाय, वांगा लई ये!" म्हणजे, जा, वांगी घेऊन ये!

धमक्या देणाऱ्यांना आवरायलाच हवं, नियमही हवेत. पण नियम लावणाऱ्यांत आपली बोली कळणारं कुणी नको का? तुमचं बोलणं असं कधी पुसलं गेलंय? तेव्हा तुम्ही गप्प बसलात की भांडलात?