पक्षकार शून्य, सल्लागार बाररूमभर
बाई वकील झाली की पक्षकार येवोत न येवोत, सल्ले येतातच. सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याच्या कोर्टात काळा कोट घालून गेले, तेव्हा जिल्ह्यातले सगळे रिकामे सल्ले जणू माझीच वाट बघत बसले होते. त्यात घरी बाबांनी बजावलेलं, "धानाच्या रोवण्यापर्यंत सोताची एक तरी केस जिंकून आन. नाही त चुपचाप बी.एड.ले जाय."

मला मास्तरीण अजिबात व्हायचं नव्हतं.

*

पहिला सल्ला बांगड्यांचा. एक वकील म्हणाले, बांगड्या काढा, किणकिणल्या की जजसाहेबांचं लक्ष जातं. आमचा मुनशी म्हणाला, "मोकळे हात पाहून पार्टी बिचकते, मॅडम." मग काय, व्हरांड्यात घालायच्या, कोर्टात शिरताना काढायच्या. पहिले काही महिने माझी तेवढीच प्रॅक्टिस चालली.

*

तुमसरचे एक राइस मिलवाले आले. मला टेबलाशी बघून विचारलं, "वकीलसाहेब कुठं गेले?"

"मीच वकील."

"बरं बरं. येतपर्यंत बसतो." आणि खरंच संध्याकाळपर्यंत बसले.

*

बापूसाहेब आमच्या बारचे सगळ्यात सीनियर. आवाज असा की एसटी स्टँडवर ऐकू जावा. कुणाचं काही चुकताना दिसलं की त्यांना राहवायचं नाही, तिथल्या तिथे सुधारायचे. मला म्हणाले, "बेटी, तू पोटगीच्या केसेस घे. बाईचं दुःख बाईले समजते."

दुसऱ्याच आठवड्यात कारध्याची एक बाई पोटगीसाठी आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "नाही बाप्पा. बाईले बाई वकील दिली त नवरा म्हनन, दोघी मिळून रडून राहिल्या. मले माणूसच पाह्यजे."

*

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली आणि आसगावचे सखारामजी आले. शेजाऱ्याने त्यांच्या भाताच्या बांधीत येणारं पाणी अडवलं होतं आणि पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, वाळत चालली होती. शेजाऱ्याचे वकील बापूसाहेब.

मी विचारलं, "माझ्याकडेच काहून आले?"

"बाकीचे लय बोलतात," ते म्हणाले. "तुमी हळू बोलजा, बाई."

मला वाटलं, कीव करतोय बिचारा.

कोर्टात उभी राहिले. ही केस गेली की बी.एड., एवढंच डोक्यात. पुटपुटत कलमं सांगू लागले. समोर बापूसाहेबांची चुळबुळ सुरू झाली. मी तिसऱ्या कलमावर अडखळले तसे ते ताडकन उठले.

"अवं बेटी, कलमं कायले सांगून राहिली? पऱ्हे करपून राहिले म्हन न! रोवणा गेल्यावर हुकूम घेऊन का करशीन?"

जजसाहेबांनी एकदा बापूसाहेबांकडे बघितलं आणि पेन उचललं. संध्याकाळच्या आत पाणी सोडण्याचा हुकूम झाला. मागून बापूसाहेबांचा पक्षकार त्यांचा कोट ओढत होता, "साहेब, तुमी कोनाकडून?"

व्हरांड्यात बापूसाहेबांनी मला गाठलं. "पाह्यलं? म्हनून म्हनतो, बायकांले हा धंदा जमत नाही."

मी मान डोलावली. बी.एड. टळलं होतं, आता काहीही ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

सखारामजींनी आधी बापूसाहेबांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पुढच्या तारखेलेबी असंच बोलजा, बाई."