प्रयागबाईच्या आपट्याचं सोनं

वाशीमच्या त्या नव्या कॉलनीत प्रयागबाई राहायला आली, तेव्हा बगीचा होता फक्त नकाशात. जागेवर नुसता मुरूम! शेतात हयात गेलेल्या बाईला ते उघडंबोडकं कसं पाहवावं? मंगरूळपीरकडच्या आपल्या बांधावरून तिनं आपट्याचं रोप आणलं आणि त्या मोकळ्या जागेत लावलं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याला. बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या. लोक हसायचे. नवरा बबनराव तर म्हणायचा, "पोरापेक्षा झाडाचंच जास्त करतं तू." हसा म्हणावं! झाड डोक्याच्या वर गेलं, संध्याकाळी बाया सावलीला बसू लागल्या, तशी हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं घरोघरी सांगितलं, "बाजारातून सोनं आणू नका वो. थे लोक जंगलातली झाडं ओरबाडून आणतेत. आपल्या झाडाची दोन-दोन पानं घ्या." कुणाला टोचू नये म्हणून काट्याही स्वतःच्या हातानं काढल्या. तिच्या गावची रीत अशी, की झाडाला हात जोडायचे, दोन पानं खुडायची आणि बाजूला व्हायचं. ही रीत सगळ्यांना ठाऊकच असणार, असं ती धरून चालली. तिथंच बाई फसली.

दसऱ्याला पुरणाचा स्वयंपाक उरकून ती पूजेचं ताट घेऊन गेली अन् जागच्या जागी थिजली. एक पान शिल्लक नव्हतं. फांद्या गायब. शेंड्याला हात पुरेना म्हणून कुणीतरी खोडालाच लोंबकळलं असावं. ते बुडापर्यंत फाटून आडवं पडलं होतं.

"अवो माय माय माय!"

ताट हातातून सुटलं, कुंकू मुरमात सांडलं. तिला रडूसुद्धा येईना. बकऱ्यांपासून राखलं, उन्हाळ्यापासून राखलं, अन् माणसांनी एका सकाळीत खाऊन टाकलं! काय म्हणावं या लोकांना? बकऱ्या बऱ्या की हो!

संध्याकाळी सोनं द्यायला तिच्या दारात ही रांग! पुढं शेजारची वैजयंती, नवी साडी नेसून, ओंजळभर पानं घेऊन.

"सोनं घ्या काकू, तुमच्याच झाडाचं हाय! आमी तं पाव्हण्यायलेबी पोतंभर पाठवलं."

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद, की काकूंनी तिला शाबासकीच द्यावी. तिच्यामागं फुलचंद, त्याच्यामागं ललिताबाई. सगळे वाकून पाया पडत होते. दसऱ्याचं सोनं कुणी परत करत नाही. प्रयागबाई पदर पसरून घेत राहिली, आणि घेता घेता तिचं झाड तिच्या पदरात जमा झालं. आशीर्वादाचा हात मात्र तिनं कुणाच्याच डोक्यावर ठेवला नाही.

वैजयंती बावरली. "काकू, काहून गप बसल्या? आशीर्वाद द्या ना."

"देतो वो बाई," पदरातल्या पानांकडे पाहत प्रयागबाई म्हणाली. "पण पुढच्या दसऱ्याले तुमी मले काय आणून देसान?"