नळाला लावलेलं कुंकू

माझे फोटो फार नाहीत. लग्नातला एक, आधारकार्डाचा एक. दोन्हींत मी खाली बघते आहे. हसतानाचा फोटो एकच आहे आणि तो माझ्याकडे नाही, बाकी सगळ्यांकडे आहे.

आमची वस्ती गावठाणापासून लांब, पाथर्डीच्या बाजूला. दिवाळीनंतर जीपा भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी मागे राहिले आणि हे एकटेच अर्ध्या कोयत्यावर गेले. वस्तीवर उरली ती म्हातारी माणसं. तरणी सवाष्ण अशी मीच.

संक्रांतीनंतर दारोदारी नळ बसले. ग्रामसेवक भाऊसाहेब चार माणसं घेऊन आले आणि मला म्हणाले, "वहिनी, नळाला हळदीकुंकू लावा. फोटो काढून वर पाठवायचाय."

मी पुरुषमाणसांपुढे बोलत नाही. पण हातात ताट, समोर कोरडा नळ. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊसाहेब, कोरड्या नळाला कुंकू कसं लावायचं? वाहत्या पाण्याची पूजा करत्यात."

"घ्या, वहिनी बोलल्या!" कुणीतरी हसलं. भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाले आणि बाजूला जाऊन फोन लावला. थोड्या वेळानं एक खाजगी टँकर आला. त्यानं वरच्या टाकीत पाणी सोडलं. नळ आधी खोकला, मग वाहायला लागला.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. मला आनंद पाण्याचा झाला नव्हता. माझा शब्द एवढ्या माणसांनी मानला, त्याचा झाला होता. मी कुंकू लावलं, तांब्या भरला आणि हसले. तेवढ्यात फोटो निघाला.

संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर होता, नंतर मोबाईलवरच्या बातम्यांत. यांचा कारखान्यावरून फोन आला. "अगं, सगळ्या टोळीच्या मोबाईलवर तूच हायेस! मुकादम म्हणतोय, आता तुझ्या बायकूचा हंडा सुटला." मीही हसले. दुसऱ्या दिवशी नळ कोरडा पडला. मोटार बसायची आहे, असं कळलं. मी ते यांना सांगितलं नाही.

होळी झाली आणि विहिरी आटल्या. दरवर्षी तेव्हा टँकर सुरू होतो. यंदा तो गावठाणात आला आणि तिथूनच मागे फिरला. "तुमच्या वस्तीला न्हाई. तुमाला नळ हाय," ड्रायव्हर म्हणाला.

शेजारची म्हातारी कमरेत वाकलेली आहे. मुलगा, सून दोघं तोडीवर. ती पंचायतीत निघाली, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. भाऊसाहेबांनी कंप्युटर आमच्याकडे वळवला. त्यावर मी होते. नळाला धार, खाली ठिकाण आणि वेळ, आणि माझे दात दिसत होते.

"काकू, मी तरी काय करू? वरून विचारतात, पाणी चालू असताना टँकर कशाला?"

म्हातारीनं कंप्युटरकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. वाटेत एवढंच बोलली, "ते पानी लई ग्वाड हुतं व्हय गं?"

टँकर आणायचं त्या माणसांना सुचलं नव्हतं. ते मी सुचवलं होतं. देवाधर्माचं म्हणून बोलले आणि खोट्याला पाणी पुरवलं. मग रोज लांबच्या विहिरीवरून तिचाही हंडा मी आणायचे. ती हंडा ठेवून घ्यायची, पण बोलायची नाही.

काही दिवसांनी, माझा तो फोटो मोबाईलवरच्या बातम्यांत टाकणारा माणूस वस्तीवर आला. कुणीतरी त्याला बोलावलं होतं. सगळी म्हातारी माणसं, कोण बोलणार? तेव्हा म्हातारीच म्हणाली, "हिला इचारा. हिचं तोंड सगळ्यास्नी ठावं हाय."

"मावशी, फक्त 'पाणी नाही' म्हणा," मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तो म्हणाला.

तेवढं सोपं होतं. पण मग फोटोतली बाई कोण? मी डोक्यावर पदर घेतला आणि नळ सोडला. नुसती हवा आली. मी म्हणाले, "त्या दिवशीचं पाणी टँकरचं होतं. कोरड्या नळाला कुंकू लावणार नाही असं मीच म्हणाले, म्हणून त्यांनी ते आणलं. फोटोत हसतेय ती मीच."

त्यानं मोबाईल खाली घेतला. "मावशी, हे तुमचं टँकरचं बोलणं काढून टाकू का? लोक वाईट बोलतात."

"राहू द्या," मी म्हणाले.

लोक बोललेच. मी चौथी शिकलेली, मला वाचता येतं. 'फोटोचे किती मिळाले बाईला,' असं एकानं त्या व्हिडिओखाली लिहिलं होतं. चूल पेटवताना, भांडी घासताना ती अक्षरं डोळ्यांपुढून जाईनात. यांचाही फोन आला. म्हणाले, "आवाज लई बारीक हुता तुझा. पन समजलं सगळ्यांना."

नंतर टँकर आला, थेट वस्तीपर्यंत. बरोबरच्या माणसानं खिशातून मोबाईल काढला. खेप झाल्याचा फोटो लागतो म्हणे. त्यानं मला ओळखलं. "वहिनी, हंडा घेऊन टँकरशेजारी उभ्या राहा की."

माझा हंडा रिकामा होता. वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"आधी शेजारच्या म्हातारीचा भरू द्या," मी म्हणाले, "मग सगळ्यांचे. मग काढा."

तो कुरकुरला, पण थांबला. शेवटचा हंडा भरल्यावर मी उभी राहिले. म्हातारी बाजूनं ओरडली, "आता हस की गं, खरं पानी हाय!"

मला हसता आलं नाही. मी हंड्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.