अण्णामामा आणि न आलेली उत्तरं

अण्णामामांना राग आला की ते शुद्ध मराठी बोलू लागत. एरवी त्यांच्या बोलण्यात निम्मं कानडीच असे. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरात मुरलेलं, दुसरं काय होणार! ‘स्वल्प थांब ग, हालु उतू चाललंय’ हे त्यांचं रोजचं मराठी. पण ‘सदर गृहस्थांस काही लाजलज्जा?’ असं ऐकू आलं की मामी हळूच गॅस बंद करून आत निघून जायच्या. मी नोकरी शोधायला त्यांच्याकडे राहिले, त्या वर्षी घरात शुद्ध मराठीला ऊत आला होता.

माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं सत्र संपत आलं होतं. कॉलेजात आलेल्या एकाही कंपनीने मला घेतलं नव्हतं. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर मुकाट्याने निपाणीला परत यायचं, असं बाबांनी बजावलं होतं. मामांची सगळी नोकरी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, माणसं भरती करण्याच्या खात्यात गेलेली. त्यामुळे बायोडाटा हा आपला प्रांत, असं ते धरून चालत. त्यात वडिलांचं पूर्ण नाव हवं, रक्तगट हवा, उंचीसुद्धा हवी. ‘उंची कशाला, मामा?’ म्हटलं तर म्हणाले, ‘वरच्या फळीवरची फाइल कोण काढणार? मी?’ मी त्यांच्यासमोर सगळं टाइप करायची आणि पाठवताना पुसून टाकायची.

सोबतच्या पत्रावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ लिहिलं होतं.

‘हा कोण? नाव नाही त्याला?’

‘कंपन्या नाव देत नाहीत, मामा.’

‘स्वतःचं नाव न सांगणाऱ्या माणसाला तू लिहितेस, की तुमच्या कंपनीत काम करणं हे माझं स्वप्न आहे! कालपर्यंत ऐकली होतीस का ही कंपनी?’

नव्हती ऐकली. म्हणूनच मी चिडले. सकाळी एका कंपनीचं स्वप्न पाहायचं, दुपारी दुसरीचं. पदवी हातात पडायच्या आत दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि वर विचारतात, आमच्याकडेच का यावंसं वाटतं? पोटासाठी, दुसरं कशासाठी! हे लिहायची सोय नव्हती, एवढंच.

जेवताना मामा रोज विचारायचे, ‘काय म्हणाले?’

‘काहीच नाही.’

‘म्हणजे नाही म्हणाले?’

‘नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.’

हे त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. त्यांच्या कारखान्यात शिपायाच्या जागेला अर्ज करणाऱ्यालाही कार्ड जात असे, जागा भरली, क्षमस्व. ‘माणूस वाट बघत बसतो ग. दुसरीकडे जावं की थांबावं, कळत नाही त्याला. नोकरी नाही देता येत, निदान मोकळं तरी करावं!’

सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीची तीच जाहिरात पुन्हा पुन्हा येत होती आणि मी दर वेळी नवं पत्र लिहून पाठवत होते. एके दिवशी मामांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला बसमध्ये घालून थेट तिथे नेलं. बऱ्याच वेळाने एक तरुण अधिकारी खाली आला. बिचारा सभ्य होता. हिंदीत म्हणाला, ‘सर, ती जागा केव्हाच भरली. जाहिरात आम्ही चालू ठेवतो, बायोडाटा जमत राहतात.’

‘मग हिला का नाही कळवलंत?’

‘इतक्या लोकांना कोण कळवणार, सर?’

मामा तिथेच कडाडले, ‘आपण या मुलीची शुद्ध फसवणूक केली आहे!’ मराठी तिथे कुणालाच कळत नव्हतं, पण आवाज कळला. वॉचमनने त्यांचा दंड धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण इतके महिने सगळे माझ्यावर चिडत होते, माझ्यासाठी चिडणारा हा पहिलाच माणूस होता. बाहेर येऊन शहाळं प्यायल्यावर मामा म्हणाले, ‘सरी, चल आता.’ ‘सरी’ म्हणजे ठीक आहे; कानडी परतली होती.

दिवाळीच्या तोंडावर मला मारतहळ्ळीत एका लहान कंपनीत नोकरी लागली, तीही भरती खात्यात. मामांनी अख्ख्या गल्लीला म्हैसूरपाक वाटला. म्हणाले, ‘उत्तरं देत जा हं.’ उन्हाळ्यात एका दुपारी छातीत कळ आली आणि मामा गेले.

गेल्या महिन्यात साहेबांनी मला भरलेल्या जागेची जाहिरात तशीच ठेवायला सांगितली. कंपनी वाढतेय असं दिसतं म्हणे! माझं डोकं फिरलं. मी जाहिरात काढली आणि अर्ज केलेल्या प्रत्येकाला कळवलं, जागा भरली आहे. साहेबांनी मला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. ‘समाजसेवा करायची तर बाहेर करा,’ हे वर ऐकवलं. आता मामींच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी पुन्हा अर्ज लिहिते आहे. नोकरी सोडण्याचं कारण ‘वैयक्तिक’ असं लिही, म्हणून मैत्रिणी मागे लागल्या आहेत. खड्ड्यात गेलं वैयक्तिक. घडलं तेच लिहिलं आहे.

त्या कळवलेल्यांपैकी धारवाडच्या एका मुलीचं उत्तर आलं होतं. ‘थँक्स, मॅडम. तुमच्याकडून होकार येईल म्हणून हुबळीची नोकरी थांबवून ठेवली होती. सोमवारी तिकडे रुजू होते.’

कुणीतरी मोकळं झालं होतं. हे एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि तो माणूस काहीही न कळवता निघून गेला. त्याचा राग मला अजून आवरत नाही.