मृणालिनीताईंचं एकमत

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळात आजवर एकाही गोष्टीवर मतदान झालेलं नाही. याचं श्रेय म्हणा किंवा पाप म्हणा, ते मृणालिनीताईंचं. मतभेद त्यांना मुळी सहनच होत नाही. कुणी विरोधात आहे असं कळलं की शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्या त्याच्या घरी थडकतात, मुलांची चौकशी करतात, चहा घेतात. त्या उठेपर्यंत तो बिचारा "बरं, तुम्ही म्हणता तसं" म्हणून मोकळा झालेला असतो. मीही अनेकदा झालेय. दर वेळी त्या गेल्यावर मला स्वतःचाच भयंकर राग येतो.

अमेरिकन सिटिझन झाल्यावर त्यांना ज्यूरी ड्यूटी आली, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत बसायचं बोलावणं. आम्ही सगळे त्यातून सटकायचे मार्ग शोधतो. ताई कडक इस्त्रीचे कपडे घालून ट्रेंटनच्या कोर्टात गेल्या आणि निवडल्याही गेल्या. आरोपी मार्कस, गोदामात काम करणारा, तिशीतला. एक दुकान फोडल्याचा आरोप. दोषी ठरला तर तुरुंग. त्याची बहीण रोज पुढच्या बाकावर येऊन बसायची.

खटला चालू असेपर्यंत बाहेर बोलायला बंदी. ताईंनी ती पाळली, पण त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. भाज्या करपायच्या. आत काय चाललं होतं ते मला सगळं संपल्यावर कळलं.

ज्यूरीच्या खोलीत अकरा जण म्हणाले, दोषी. एकटे वॉल्टर, रिटायर्ड पोस्टमन, म्हणाले, नाही. बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही. बाकीचे वॉल्टरवर खेकसायला लागले आणि ताईंना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी शंकरपाळे कोर्टात पोचले. ताईंनी वॉल्टरच्या शेजारची खुर्ची धरली. बायकोचं दुखणं, नातवंडं, गुडघे, सगळं विचारून झालं. मग गोड आवाजात, "वॉल्टर, सगळे दमलेत हो. अकरा जणांची चूक कशी होईल?" दुपारी वॉल्टर पुटपुटले, "ओके. व्हॉटेव्हर यू से." खोलीत टाळ्या पडल्या. एरवी अशा वेळी ताईंना छान वाटतं. त्या दिवशी वाटेना. एका जागी बसवेना.

कोर्टात "गिल्टी" वाचलं गेलं. बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग मार्कसच्या वकिलाने मागणी केली, प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. क्लार्क एकेकाला विचारू लागली, हा तुमचा निर्णय आहे का? येस. येस. वॉल्टरची पाळी आली. त्यांनी मार्कसकडे बघायचं टाळलं, ताईंकडे बघितलं आणि म्हणाले, "येस."

तो पडेल आवाज ताईंच्या चांगल्या ओळखीचा होता. आम्हा सगळ्यांचा तो त्यांनी ऐकला आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या शेवटच्या खुर्चीत होत्या. क्लार्कने त्यांनाही तेच विचारलं.

"नो," ताई म्हणाल्या.

जज्जबाईंनी सगळ्यांना परत आत पाठवलं. दार लागताच लोक तोंडाला येईल ते बोलू लागले. "आर यू किडिंग मी? तुम्हीच तर त्याला पटवलंत!" एक जण ओरडला. अख्खी खोली आपल्या विरोधात, हे ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांना रडू फुटलं. तशाच रडत त्या वॉल्टरसमोर जाऊन बसल्या.

"मी तुम्हाला तुमच्या नातवंडांची नावंसुद्धा विचारली," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'नाही' का म्हणताय, हे विचारलंच नाही."

"कुणीच विचारलं नाही," वॉल्टर म्हणाले, आणि सांगायला लागले.